पेशीतलं कॅल्शियम दाखवणारे रंग



ही व्याख्यानमाला रसायनशास्त्राच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. आज नांदेडला आणि उद्या लातूरला मी एकाच विषयावर बोलणार आहे. जिवंत पेशीच्या आत कॅल्शियम किती आहे, ते कधी वाढतं आणि कुठे वाढतं, हे डोळ्यांना दाखवणाऱ्या रंगांचा हा विषय. तो दूर कुठल्या तरी परदेशी प्रयोगशाळेतला वाटेल. पण त्याची सुरुवात आपल्या बोअरच्या पाण्यापासून करता येते आणि मी तिथूनच करणार आहे.

बोअरचं पाणी जड असलं की काय होतं, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला घरच्या अनुभवानं माहीत आहे. साबणाला फेस येत नाही. हंड्याच्या बुडाला पांढरी खपली धरते. तुरीची डाळ कितीही शिट्ट्या झाल्या तरी नीट शिजत नाही, कारण डाळीतल्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या पेक्टिनला पाण्यातलं कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतं. हे जडपण मोजायचा प्रयोग बी.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्यानं केलेला असतो. फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, अमोनियाचं बफर घालायचं, इरिओक्रोम ब्लॅक टी या रंगाची चिमूट टाकायची. पाणी द्राक्षारसासारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीए थेंब थेंब सोडायचं. एका थेंबाला लाल रंग जातो आणि निळा येतो. रंगाच्या रेणूनं आधी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन धरलेले असतात. ईडीटीए ते त्याच्याकडून काढून घेतं. आयन धरलेला रंग लाल, मोकळा झालेला रंग निळा. आयन दाखवणारा रंग म्हणजे काय, ते या एका फ्लास्कमध्ये सगळं आलं.

त्याच्याही आधीचा आयनदर्शक आपल्या देवघरात होता. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू पूर्वी असंच करत. हळदीतला कर्क्युमिन हा रेणू हायड्रोजन आयन सोडतो आणि त्याचा रंग बदलतो. वसमत आणि अर्धापूरच्या हळदीच्या पट्ट्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण सगळं मर्म त्यांच्यात आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम असावं. दुसरा स्रोत नसेल तर २०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या रक्तात एकूण कॅल्शियम लिटरला साधारण ८५ ते १०५ मिलिग्रॅम असतं. त्यातलं निम्मं प्रथिनांना आणि इतर रेणूंना बांधलेलं, निम्मं मोकळं. म्हणजे आपल्या शरीरातल्या पेशी ज्या द्रवात बुडालेल्या आहेत, तो जवळजवळ बोअरच्या पाण्याइतकाच जड आहे. आणि पेशीच्या आत? पेशी स्वस्थ असताना आतलं मोकळं कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या आसपास असतं. वजनात सांगायचं तर लिटरला चार मायक्रोग्रॅम. बाहेर पन्नास मिलिग्रॅम, आत चार मायक्रोग्रॅम. दहा हजार पटींचा फरक, आणि मध्ये भिंत किती जाड? एका मिलिमीटरचा दोन लाखावा भाग.

दहा मायक्रॉन व्यासाची एक पेशी घेऊन हिशेब केला, तर तिच्या पेशीद्रवात मोकळे कॅल्शियम आयन तीस हजारांच्या आसपास निघतात. तीस हजार ही रसायनशास्त्रात संख्याच नव्हे. आपण ज्या ग्लासातून पाणी पितो त्याच्या एका थेंबात यापेक्षा कोट्यवधी पट आयन असतात.

पेशी हा फरक सांभाळायला सतत शक्ती खर्च करते. पेशीपटलातले पंप आत आलेलं कॅल्शियम बाहेर फेकतात, काही पंप ते पेशीतल्याच साठ्यांमध्ये भरून ठेवतात. का सांभाळते? विष्णुपुरीच्या धरणाची दारं उघडली की खालच्या गावांना ते लगेच कळतं, कारण भिंतीच्या एका बाजूला पाणी साठलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला पात्र जवळजवळ रिकामं असतं. पेशीचंही तसंच आहे. आत जवळजवळ काहीच नसल्यामुळे एखादं दार क्षणभर उघडलं तरी आतलं प्रमाण दहापट होतं आणि सगळ्या पेशीला निरोप जातो. स्नायू आकुंचन पावतो तो या निरोपानं. स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन सोडतात त्या या निरोपानं. अंड्याला शुक्राणू भिडतो तेव्हा याच निरोपाची लाट अंड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, त्या गोष्टीतही नळाचं पाणीच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडकत ठेवत. १८८२ मध्ये त्यांनी लिहिलं की साध्या मिठाच्या द्रावणात हृदय चांगलं चालतं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते विधान जाहीरपणे दुरुस्त केलं. त्यांचं द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलेलं होतं. ऊर्ध्वपातित पाण्यात द्रावण केल्यावर हृदय मंदावून थांबलं. कॅल्शियम घातलं आणि ते पुन्हा चालू लागलं. लंडनचं पाणी जड होतं म्हणून हृदय धडकत होतं. रिंगर यांनी आधीचं म्हणणं मागे घेतलं, तेही नेमकं कारण शोधून, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. आज दवाखान्यात लावतात ती रिंगर लॅक्टेटची बाटली त्यांच्याच नावाची.

रिंगर यांना कॅल्शियम हवं एवढं कळलं. ते आत जाऊन काय करतं, हे पाहायला पुढची शंभर वर्षं सोयीचं साधन नव्हतं. पेशी फोडून कॅल्शियम मोजता येत होतं; पण फोडली की बाहेरचं आणि साठ्यातलं सगळं मिसळलं, मग आतलं मोकळं किती हा प्रश्नच उरला नाही. १९६२ मध्ये ओसामु शिमोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका समुद्री जेलीफिशमधून इक्वोरिन हे प्रथिन वेगळं केलं. कॅल्शियम भेटलं की ते उजेड देतं. पण ते बारीक सुईनं पेशीत टोचावं लागे, आणि टोचता येतील अशा मोठ्या पेशी फार थोड्या.

इथे रॉजर चिएन यांची गोष्ट येते. ती मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते आपल्या विद्यापीठातल्या प्रत्येक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानं ती ऐकायला हवी.

चिएन यांचा जन्म १९५२ चा, न्यूयॉर्कचा. केंब्रिजमध्ये ते शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. झाले. त्यांना चेतापेशी पाहायच्या होत्या आणि हातात साधन नव्हतं. त्यांनी साधन स्वतः संश्लेषित करायचं ठरवलं, तेही शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात बसून. ईडीटीएपासून निघालेला ईजीटीए नावाचा रेणू तेव्हा सगळे वापरत. तो मॅग्नेशियमला फारसा दाद देत नाही आणि कॅल्शियमला पकडतो, हा त्याचा मोठा गुण. पेशीत मोकळं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या हजारो पट असतं, म्हणून हा गुण नसेल तर सगळं व्यर्थ. पण ईजीटीएत एक खोट होती. त्याचे दोन नायट्रोजन अल्कधर्मी, त्यामुळे पेशीच्या पीएचला, म्हणजे सातच्या आसपास, त्यांच्यावर हायड्रोजन आयन बसलेले असतात. कॅल्शियम पकडायचं तर आधी ते उतरवावे लागतात. त्यामुळे पकड मंद होते, आणि पीएच जरा बदलला की मोजमाप बदलतं.

चिएन यांनी नायट्रोजनच्या शेजारी बेंझिनचं कडं आणून बसवलं. बेंझिन नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी स्वतःकडे ओढतं, नायट्रोजनची अल्कधर्मी वृत्ती कमी होते, सातच्या पीएचला तो मोकळा राहतो. आपल्या एम.एस्सी.च्या वर्गात ॲनिलिन हे अमोनियापेक्षा दुबळं अल्क का, हा प्रश्न दर वर्षी येतो. हा रेणू त्याच उत्तरावर उभा आहे. शिवाय बेंझिन प्रकाश शोषतं आणि कॅल्शियम बसलं की ते शोषण बदलतं, म्हणजे पकडणाराच दाखवणाराही झाला. त्या रेणूचं नाव बाप्टा. १९८० मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर एकट्या चिएन यांचं नाव आहे. वय अठ्ठावीस.

नुसतं शोषण पुरेसं नव्हतं, रेणूनं स्वतः उजेड द्यायला हवा होता. कमी लांबीची प्रकाशलहर शोषून जास्त लांबीची लहर बाहेर टाकण्याला प्रतिदीप्ती म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे फ्लुरोसन्सच म्हणतात. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनच्या द्रावणावर हे नीट उलगडून दाखवलं. तुम्हाला आज रात्री पाहायचं असेल, तर थोडी हळद स्पिरिटमध्ये ढवळून वरचं पिवळं पाणी दुकानातल्या नोटा तपासायच्या दिव्याखाली धरा. ते हिरवट पिवळं पेटून उठतं. पालकाचं पान स्पिरिटमध्ये चुरलं तर ते लाल चमकतं.

बाप्टाच्या एका कड्याच्या जागी क्विनोलिन घालून क्विन-२ झाला आणि १९८२ पर्यंत तो लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये कॅल्शियम मोजू लागला. १९८५ मध्ये ग्रिन्किएविच, पोनी आणि चिएन यांनी फ्युरा-२ जाहीर केला. तो क्विन-२ पेक्षा तीसपटींपर्यंत उजळ होता. पण त्याचं खरं मोल दुसरीकडे आहे. कॅल्शियम नसताना तो ३८० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन चमकतो, कॅल्शियम बसलं की ३४० चा घेऊन. म्हणून एकाच जागेचं दोन प्रकाशांत चित्र घ्यायचं आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. पेशी कुठे जाड आहे, कुठे पातळ; रंग कुठे जास्त गेला, कुठे कमी; किती विटला; हे सगळं भागाकारात निघून जातं आणि हातात कॅल्शियमचं प्रमाण उरतं. आणि रंगाची पकडही बेताची ठेवलेली, दोनशे नॅनोमोलरच्या आसपास अर्धे रेणू भरतील अशी. पकड फार घट्ट असती तर तो स्वस्थ पेशीतच पूर्ण भरला असता, फार सैल असती तर कधीच भरला नसता.

राहिला प्रश्न रंग पेशीत जाण्याचा. कॅल्शियम पकडणाऱ्या या रेणूंवर ऋण भार असलेले कार्बोक्झिल गट असतात आणि पेशीचं पटल तेलकट असतं, त्यामुळे ते आत शिरत नाहीत. १९८१ मध्ये चिएन यांनी या गटांवर ॲसिटॉक्सिमिथिल एस्टरची टोपणं बसवली. टोपण घातलेला रेणू भाररहित असतो, पटलातून आत जातो. आत पेशीचेच एस्टरेज विकर टोपणं कापून टाकतात. ऋण भार उघडे पडतात आणि रेणू आत अडकतो. सुई नको, टोचणं नको. पेशींवर रंगाचं पाणी अर्धा-पाऊण तास ठेवायचं आणि धुवायचं. मला विचाराल तर चिएन यांच्या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर कल्पना हीच. त्यांना पुढे २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा आणि मार्टिन चॅल्फी यांच्याबरोबर मिळालं ते हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी. आता प्रथिनांचेच कॅल्शियमदर्शक पेशीच्या जनुकांत घालतात आणि प्राण्यांच्या मेंदूतल्या शेकडो पेशी एकाच वेळी पाहतात. तरीही ज्या पेशीत नवं जनुक घालणं शक्य नाही, तिथे रंगच हाताशी येतात. सोडियम, पोटॅशियम, जस्त, पीएच या सगळ्यांसाठी त्याच विचारातून रंग निघाले. २०१६ मध्ये चिएन गेले.

आता आपल्या शेताकडे वळतो.

लातूरच्या बाजार समितीत तूर आणि सोयाबीनचे ढीग तुम्ही दर हंगामात पाहता. पेरणीआधी बियाण्याला जिवाणूखत चोळतात. आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर रायझोबियम, हा क्रम उलटला की जिवाणू मरतात आणि खर्च वाया जातो. दीड महिन्यानं झाड अलगद उपटलं की मुळावर गाठी दिसतात. गाठ नखानं फोडून आत लालसर दिसली, तर ती काम करते आहे, हवेतला नायट्रोजन झाडाला मिळतो आहे, हे शेतकऱ्याला कळतं.

पण जमिनीतल्या असंख्य जिवाणूंपैकी नेमक्या या जिवाणूला मूळ आत कसं घेतं? बाकीच्यांना दार बंद आणि याला उघडं, हे ठरतं कसं? मूळ फ्लॅव्होनॉइड वर्गाचे रेणू सोडतं. सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन आणि डाइडझीन सोडतं. ते ओळखून रायझोबियम एक साखरेचा आणि चरबीचा जोडरेणू तयार करतो, त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. तो अतिशय कमी प्रमाणात मुळाला पोचतो. पुढे मुळाच्या केसासारख्या पेशीत, मूलरोमात, कॅल्शियमचं काय होतं हे १९९६ पर्यंत कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत डेव्हिड एरहार्ट, रिबेका वेस आणि शॅरन लाँग यांनी लसूणघासाच्या मूलरोमांत कॅल्शियमदर्शक रंग टोचला, नॉड फॅक्टर घातला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले. काही मिनिटं काहीच नाही. मग पेशीतलं कॅल्शियम एकदम वर गेलं आणि खाली आलं. साधारण मिनिटाभरानं पुन्हा. पुन्हा. तासन् तास, ठरावीक अंतरानं, बहुतेक पेशीच्या केंद्रकाभोवती.

या प्रयोगात टोपणं घातलेला रंग चालला नसता. वनस्पतीच्या पेशीभोवती भित्तिका असते, आणि आत रंग गेला तरी पेशी तो हळूहळू आपल्या रिक्तिकेत ढकलून देते. म्हणून त्यांनी रंगाला डेक्स्ट्रान या मोठ्या साखळीला जोडलं, की तो पेशीद्रवातून हलू नये, आणि मूलरोमात सुईनं टोचला. एका केसाच्या पेशीत सुई घालायची आणि ती पेशी जिवंत ठेवायची, हे काम ज्यानं कधी केलं असेल त्यालाच त्यातली चिकाटी कळेल.

नंतर असं दिसलं की ज्या रोपांत ही स्पंदनं होत नाहीत, त्यांना गाठीही येत नाहीत. २००४ मध्ये ती स्पंदनं वाचणारं प्रथिन सापडलं. कॅल्शियम आणि ते धरणारं कॅल्मोड्युलिन हे प्रथिन, दोन्ही ओळखणारं एक कायनेज, म्हणजे फॉस्फेट जोडणारं विकर. २००६ मध्ये जाइल्स ओल्ड्रॉइड आणि ॲलन डाउनी यांच्या गटांनी मोजून दाखवलं की गाठ बनवणारं एक जनुक जागं व्हायला सुमारे ३६ स्पंदनं व्हावी लागतात. जेवढी हवीत तेवढी झाली नाहीत तर ते जनुक जागं होत नाही. जमिनीखाली मूळ मोजत असतं, आणि ते मोजतं हे आपल्याला कॅल्शियमदर्शकांमुळे कळलं. हे वाचलं तेव्हा मी खरोखर थरारून गेलो होतो. आजही जातो.

ही स्पंदनं बहुतेक लसूणघास, मेडिकॅगो ट्रंकाट्युला, लोटस जपोनिकस आणि वाटाणा यांच्यावर पाहिली गेली. पहिली दोन चाऱ्याच्या जातकुळीतली, तिसरी एक रानटी शेंगवर्गीय. यांची निवड झाली ती प्रयोगशाळेत वाढवायला सोपी म्हणून. बीडीएन-७११ तूर किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस-१५८ सोयाबीन त्या टेबलावर बसवण्यात रस असणारे लोक जगात कुठे असायला हवेत, ते मी सांगायला नको.

आपल्याकडे माणसं आहेत का? आहेत. याच नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले शेषनाथ भोसले पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करून बर्लिनला गेले, तिथे पीएच.डी. केली, आणि मग जिनिव्हात स्टेफान माटिल यांच्या प्रयोगशाळेत पोचले. २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या गटाचा एक शोधनिबंध आला, त्यात पहिलं नाव भोसले यांचं आहे. नॅफ्थॅलिन डायइमाइड नावाचे निळे, लाल चमक देणारे रंग त्यांनी ताठ रेणूंच्या कांड्यांवर एकावर एक रचले. ती रचना पेशीपटलासारख्या चरबीच्या पटलात आरपार बसली. पटलाच्या पुटिकेत, म्हणजे सूक्ष्म फुग्यात, आत क्विनोन आणि बाहेर ईडीटीए ठेवून प्रकाश टाकला की क्विनोनचं क्षपण होऊन आत आणि बाहेर हायड्रोजन आयनांचा फरक तयार होई. हिरवं पान जे करतं त्याचाच हा हातानं घडवलेला छोटा नमुना. योग्य रेणू मध्ये सरकवला की हीच रचना आयनांची वाट बनून फरक पुन्हा मिटवून टाके. इथे ईडीटीए पुन्हा भेटलं, आणि या वेळी त्याचं काम अगदी वेगळं, इलेक्ट्रॉन देण्याचं. भोसले यांनी पुढे मेलबर्नला आणि गोवा विद्यापीठातही काम केलं. त्या शोधनिबंधातले दुसरे एक लेखक पिनाकी तालुकदार आज पुण्याच्या आयसरमध्ये आयन वाहून नेणाऱ्या रेणूंवर काम करतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अंकोना दत्ता यांचा गट मँगनीजसारख्या आयनांसाठी जिवंत पेशीत चालणारे रंग घडवतो. मँगनीज हे फार अवघड लक्ष्य, कारण अर्विंग-विल्यम्स क्रमात ते सर्वांत खाली. जो रेणू त्याला धरतो तो लोखंड, तांबं, जस्त यांना आधी धरतो.

अशा पुटिकांच्या आतला पीएच पाहायला माटिल यांच्या प्रयोगशाळेत एचपीटीएस नावाचा रंग नेहमी वापरतात. त्याचं दुसरं नाव पायरानिन. काही पिवळ्या हायलायटर पेनांत तो असतो. लातूरच्या अभ्यासिकांमध्ये नीटची तयारी करणारी मुलं-मुली स्नायूंच्या प्रकरणात 'कॅल्शियम आयन ट्रोपोनिनला जोडला जातो' या ओळीवर ज्या पेनानं रेघ ओढतात, त्या शाईत पेशीतले आयन मोजणारा रंग असू शकतो. या मुलांना ही ओळ पाठ असते. त्यांच्यातल्या एकीलाही तो आयन येताना-जाताना दाखवला गेलेला नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जगात चाळीस वर्षं तो दिसतो आहे. निदान चित्रफितीत तरी तो प्रत्येक वर्गात दिसला पाहिजे.

आता थोडं कठोर बोलतो, आणि ते माझ्या स्वतःच्या शाखेबद्दल आहे. मराठवाड्यातल्या रसायनशास्त्राच्या विभागांत संश्लेषणाचे हात उत्तम आहेत. शिफ बेस, कुमारिन, क्विनोलिन, पायरॅझोल हे रेणू दर वर्षी नवनवे तयार होतात. रिसॉर्सिनॉल आणि एथिल ॲसिटोॲसिटेट यांच्यापासून पेशमन पद्धतीनं केलेलं कुमारिन तर एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकातच असतं. बर्फावर ओततात, गाळतात, वितळणबिंदू घेतात, जर्नल लिहितात. ते अल्कमध्ये विरघळवून दिव्याखाली धरलं तर निळंशार चमकतं. ते मात्र पुष्कळदा पाहिलं जात नाही. पुढे संशोधनात या रेणूंचं काय होतं? ते दोन-चार जिवाणूंच्या बशीवर टाकतात, भोवतीचं वर्तुळ मोजतात आणि शोधनिबंध होतो. जिथे रंगांवर काम होतं, तिथेही पुष्कळदा ॲसिटोनायट्राइलमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये एखाद्या धातूला चमक आली की काम संपतं. पण पेशी अल्कोहोलमध्ये राहत नाही. तिच्यात पाणी असतं, दीडशे मिलिमोलरच्या जवळपास पोटॅशियम असतं, अर्धा ते एक मिलिमोलर मोकळं मॅग्नेशियम असतं, आणि या गर्दीत शंभर नॅनोमोलर कॅल्शियम शोधायचं असतं. चिएन यांनी आधी पेशी पाहिली, तिची अट समजून घेतली आणि मग रेणूचं चित्र काढलं. आपण रेणू आधी करतो आणि मग त्याला काम शोधतो. हा क्रम बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगांच्याही अडचणी आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. रंग कॅल्शियमला धरतो, म्हणजे तो थोडं कॅल्शियम खातोही. रंग फार भरला तर जे पाहायचं तेच तो दाबून टाकतो. क्विन-२ चा हाच मोठा दोष होता. तीव्र प्रकाशात रंग विटतो आणि पेशीलाही इजा होते. काही रंग हळूहळू बाहेर झिरपतात. जस्त आणि मँगनीज कॅल्शियमच्या जागी बसून फसवतात; मँगनीज तर फ्युरा-२ ची चमक विझवतं, आणि संशोधकांनी त्याचाच उपयोग करून कॅल्शियमची दारं किती उघडली हे मोजायची पद्धत काढली. म्हणून प्रत्येक प्रयोगात शेवटी कॅल्शियम भरून एकदा आणि ईजीटीएनं काढून घेऊन एकदा, अशी दोन टोकं मोजून घेतल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो.

विद्यापीठाच्या विष्णुपुरीच्या आवारात रसायनशास्त्राचं आणि जीवशास्त्राचं संकुल एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लातूरला कृषी महाविद्यालय आहे, कृषी जैवतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. एका मुळाच्या प्रश्नासाठी रसायनवाला, जीवशास्त्रवाला आणि कृषीवाला अशी तीन माणसं एका टेबलाशी बसायला हवीत. हे केंद्राच्या मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याजोगं काम नाही. महागडा सूक्ष्मदर्शक पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन काही दिवस वापरता येतो. त्याआधीचं सगळं काम इथे होण्यासारखं आहे.

ज्या विद्यार्थ्यांना हे करून पाहायचं असेल, त्यांच्यासाठी पहिली पायरी सांगतो. तुम्ही केलेला कुमारिन किंवा क्विनोलिन घ्या आणि त्यावर बाप्टाचे चार कार्बोक्झिल हात बसवा. सुरुवात ऑर्थो-नायट्रोफेनॉलसारख्या साध्या द्रव्यापासून होते आणि हात बसवायला एथिल ब्रोमोॲसिटेट लागतं, ते डोळ्यांना फार झोंबतं, फ्यूम हूडशिवाय उघडू नका. शेवटी एस्टर तोडून क्षार करा आणि तो पाण्यातच विरघळवा, अल्कोहोल नको. पीएच ७.२ ठेवा. पोटॅशियम क्लोराइड आणि एक मिलिमोलर मॅग्नेशियम घाला. मग ईजीटीए आणि कॅल्शियमच्या बफरांनी मोकळं कॅल्शियम शून्यापासून एक मायक्रोमोलरपर्यंत पायरीपायरीनं वाढवा आणि फ्लुरोमीटरवर प्रत्येक पायरीचा वर्णपट घ्या. मॅग्नेशियमनं चमक हलली तर रेणू बदला. हलली नाही, आणि शंभर ते पाचशे नॅनोमोलरच्या दरम्यान वर्णपट चढत गेला, तर तो वर्णपट घेऊन जीवशास्त्राच्या संकुलात जा आणि सोयाबीनचं तीन दिवसांचं रोप मागा.